भिंतीआडची तार

स्वयंपाकघर नवे करायचे ठरले की घरात दोन-तीन महिने दुसरा विषय नसतो. ओट्याला काळा ग्रॅनाइट बसवायचा की पांढरा, ट्रॉल्यांना रंग कोणता, चिमणी कुठल्या कंपनीची, यावर घरातला प्रत्येकजण हिरिरीने मत देतो. एरवी चहासुद्धा न करणारे गृहस्थ टाइल्सच्या दुकानात तास तास घालवतात. हल्ली या यादीत भिंतीत बसणारा विजेचा ओव्हन आणि ओट्यात बसणारी काचेची सपाट शेगडी, म्हणजे हॉब, यांचीही भर पडली आहे. त्यांचीही चर्चा होते. पण त्या दोघांपर्यंत वीज नेणारी तार किती जाडीची हवी, हा प्रश्न बहुधा कोणीच विचारत नाही. तो वायरमनवर सोडलेला असतो. आणि वायरमनने तो दुकानात त्या दिवशी जे बंडल शिल्लक असेल त्याच्यावर सोडलेला असतो.

माझे उभे आयुष्य बँकेत गेले. कर्ज देताना आम्ही धान्याची गोदामे तपासायला जात असू. दाराशी रचलेली पोती नेहमीच टपोऱ्या गव्हाची असत. जुने साहेब सांगायचे, पुढची पोती मोजू नका, मागची उघडून पाहा. हा सल्ला मला नोकरीत उपयोगी पडलाच, पण निवृत्तीनंतर वीज नावाच्या विषयात डोके घातले तेव्हा तो अधिकच पटला. घरात जे दिसते त्यावर आपण पैसा ओततो आणि जे भिंतीआड जाते तिथे काटकसर करतो. सगळा भार मात्र त्या न दिसणाऱ्यालाच वाहायचा असतो.

आपल्याकडे ओव्हन तसा उशिराच आला. माझ्या लहानपणी नानकटाई करायची म्हणजे घरचा रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून गल्लीतल्या बेकरीत द्यायची आणि संध्याकाळी पत्र्याचा गरम डबा घेऊन घरी यायचे. पुढे ज्याच्या झाकणाला काचेची छोटी खिडकी असे तो अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन घरोघरी आला. त्याची भूक बेताची. इस्त्रीच्या पॉइंटवर तो सुखाने चाले. घरांचे वायरिंगही त्याच मापाने केलेले होते. दोन-चार दिवे, दोन पंखे, रेडिओ, एखादी इस्त्री. मग फ्रिज आला, मिक्सर आला, गिझर, धुलाईयंत्र, मायक्रोवेव्ह, वातानुकूलन यंत्र अशी एकेक वस्तू येत गेली. दर वेळी प्लग बसला म्हणजे काम झाले असे आपण मानत गेलो. वस्तू वाढल्या आणि तार तीच राहिली.

आता जरा हिशेब मांडू. तो चौथीच्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे. प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा खाली एक पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. त्या आकड्याला २३० ने, म्हणजे आपल्या घरातल्या व्होल्टेजने, भागा. येणारे उत्तर म्हणजे ते उपकरण किती अँपिअर प्रवाह ओढणार, तो आकडा. विजेचा साधा दिवा ९ वॅटचा असेल तर त्याचा प्रवाह नगण्य. २,००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर ओढतो. भिंतीत बसणारा ३,००० वॅटचा ओव्हन १३. आणि चार चुलींचा ७,२०० वॅटचा इंडक्शन हॉब सगळ्या चुली पूर्ण चालू असताना ३१ अँपिअरच्या वर जातो. ज्या स्वयंपाकघरात एक गोल ओव्हन नांदत होता, त्याच स्वयंपाकघरात आता एकाच वेळी ४४ अँपिअरची मागणी उभी राहते. नोकरीतल्या भाषेत सांगायचे तर पाच हजारांच्या खात्यावर पन्नास हजारांचा चेक आला आहे.

अशा चेकचे काय होते ते मी आमच्याच सोसायटीत पाहिले. इमारत १९८४ सालची. शेजारच्या वहिनी शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. केक-बिस्किटांची त्यांना मनापासून आवड. मुलाने वाढदिवसाला ओव्हन पाठवला. दुकानाच्या माणसाने तो गिझरच्याच लाइनवरच्या पॉवर पॉइंटला जोडला आणि "मॅडम, आता खुशाल वापरा," म्हणून तो गेला. पहिल्याच आठवड्यात अडचण सुरू झाली. ओव्हन लावला की पंधरा-वीस मिनिटांनी एमसीबी पडे, तोही बहुधा गिझर चालू असताना. केक मध्येच बसे. वहिनींनी नेहमीच्या वायरमनला बोलावले. त्याने १६ अँपिअरचा एमसीबी काढून तिथे ३२ चा बसवला. पाच मिनिटांचे काम. त्यानंतर एमसीबी एकदाही पडला नाही. वहिनी खूश झाल्या आणि आम्हा शेजाऱ्यांना दर रविवारी केक मिळू लागला.

दीड-दोन महिन्यांनी त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, स्वयंपाकघरात कसला तरी वास येतो हो. मासळीसारखा. माझ्या घरी मासळी कुठली?" बोर्डाजवळची भिंत हाताला कोमट लागत होती. मेन स्विच बंद करून आम्ही या वेळी परवानाधारक ठेकेदाराला बोलावले. त्याच्याबरोबर आयटीआय झालेला एक तरुण आला. त्याने बोर्ड उघडला तर मागचे प्लॅस्टिक तपकिरी पडले होते आणि जोडाजवळच्या तारेवरचे आवरण बिस्किटासारखे कडक होऊन तडकले होते. हात लावताच त्याचे तुकडे खाली पडले. आम्हाला केक मिळत होते तेव्हा भिंतीतही काहीतरी भाजले जात होते.

तो तरुण शांतपणे म्हणाला, "काका, एमसीबी ओव्हनला वाचवायला नसतो. तो भिंतीतल्या तारेला वाचवायला असतो."

हे एक वाक्य प्रत्येक घराच्या मीटरपाशी लिहून ठेवावे असे मला वाटते. एमसीबीच्या पोटात दोन व्यवस्था असतात. तारांची थेट गाठ पडून प्रवाह एकदम उसळला तर आतले चुंबक त्याच क्षणी खटका पाडते. पण प्रवाह थोडाच जास्त असेल आणि बराच वेळ वाहत असेल, तर दोन धातूंची एक पट्टी हळूहळू तापून वाकते आणि मग खटका पडतो. वहिनींचा एमसीबी वीस मिनिटांनी पडत होता तो याच पट्टीमुळे. गिझर आणि ओव्हन मिळून प्रवाह होत होता २१.७ अँपिअर. भिंतीतली तार होती अडीच चौरस मिलिमीटरची, पण अ‍ॅल्युमिनियमची. तिची नळीतली ऐपत जेमतेम चौदा-पंधरा अँपिअर. म्हणजे तो एमसीबी बिघडलेला नव्हता. तो बिचारा रोज वेळेवर सांगत होता की तारेला हे झेपत नाही. आपण त्यालाच कामावरून काढले आणि जागी झोपाळू रखवालदार नेमला.

माझ्या पिढीला हा प्रकार नवा नाही. चिनी मातीचा फ्यूज उडाला की त्यात बारीक तार घालायची असते. पण "सारखा उडतो" म्हणून जाड तारेचे दोन पदर पिळून घालणारे एक तरी कर्ते पुरुष प्रत्येक वाड्यात असत. फ्यूज पुन्हा उडत नसे आणि त्यांचे कौतुक होई. फ्यूज सगळ्यांत कमजोर ठेवलेला असतो तो मुद्दाम. तो वितळला तर चार आण्यांची तार जाते. तो वितळलाच नाही तर दुसरे काहीतरी वितळते.

तारेत उष्णता का होते, याचा नियम जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडला. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. दीडपट प्रवाह म्हणजे सव्वादोनपट उष्णता. चक्रवाढ व्याजाने भल्याभल्यांना बुडवलेले मी पाहिले आहे. हा हिशेब त्याच जातीचा. समजा, मेन बोर्डापासून हॉब १२ मीटरवर आहे. तांब्याच्या अडीच चौरस मिलिमीटर तारेतून ३२ अँपिअर नेले तर जाता-येताच्या तारेत मिळून सुमारे १९५ वॅट उष्णता भिंतीतच जिरते. तीच तार सहाची घेतली तर हा आकडा ८० वॅटच्या आसपास येतो. आणि या वाया गेलेल्या विजेचे बिलही आपणच भरत असतो.

तर मग तार निवडायची कशी? क्रम असा ठेवावा. आधी उपकरणाचा भार, मग त्याला साजेसा एमसीबी, मग तार. भाराचा आकडा सगळ्यांत लहान, एमसीबीचा त्याच्या बरोबरीचा किंवा थोडा मोठा, आणि तारेची ऐपत एमसीबीपेक्षाही मोठी. ही उतरंड उलटली की धोका सुरू झाला. भिंतीतल्या नळीतून जाणाऱ्या तांब्याच्या तारेची ढोबळ ऐपत अशी: दीड चौरस मिलिमीटरला सुमारे १४ अँपिअर, अडीचला १८ ते २०, चारला २५ च्या आसपास, सहाला तीस-बत्तीस आणि दहाला चाळीसच्या पुढे. कंपनीच्या तक्त्यात नेमका आकडा मिळतो. मात्र एकाच नळीत चार-सहा तारा कोंबल्या तर त्या एकमेकींना तापवतात आणि प्रत्येकीची ऐपत घटते. गॅसच्या शेगडीमागच्या तापलेल्या भिंतीतून नळी गेली तरी तसेच.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ब्रिटनमध्ये घरोघरी विजेवर स्वयंपाक होतो. तिथे कुकरसाठी ३२ अँपिअरची स्वतंत्र लाइन आणि सहाची तार हा बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे. एकूण प्रवाहातले पहिले १० अँपिअर पूर्ण धरायचे आणि उरलेल्याचे फक्त ३० टक्के, असा त्यांचा ठोकताळा आहे. कारण सगळ्या चुली आणि ओव्हन एकाच वेळी पूर्ण जोरात सहसा चालत नाहीत. त्या हिशेबाने आपले ४४ अँपिअर वीसवर येतात. परदेशी राहून आलेले नातेवाईक हाच दाखला देऊन "एवढी जाड तार कशाला?" असे विचारतात. पण त्यांचे तक्ते ३० अंश तापमान धरून केलेले असतात, आपले ४० अंशांचे. विदर्भातल्या मे महिन्याची तर गोष्टच सोडा. आणि दुसरे म्हणजे गौरीजेवणाचा दिवस. एका चुलीवर पुरणाची डाळ, दुसरीवर तळण, तिसरीवर भाजी, चौथीवर भात आणि पाहुण्यांच्या आंघोळींसाठी सकाळपासून गिझर. तीन-चार तास कोणाला उसंत नसते, तारेलाही नसते. दिवाळीचा फराळ हाही काही वीस मिनिटांचा खेळ नव्हे. आपली तार आपल्या सणाच्या मापाने निवडावी.

वहिनींच्या घरी मुलाने आणि सुनेने मग हॉबही घ्यायचे ठरवले, तेव्हा सगळे काम एकदाच नीट झाले. हॉबला मेन बोर्डापासून दहाची तार आणि ३२ चा एमसीबी. ओव्हनला वेगळी चारची तार आणि १६ चा एमसीबी. गिझर वेगळा, फ्रिज वेगळा. दोन्ही उपकरणांसाठी दोन्ही तारा एकदम तोडणारे स्वतंत्र स्विच ओट्याच्या कडेला, हात सहज पोचेल असे बसवले. ओव्हनच्या मागे नव्हेत, कारण आग लागली तर आगीवरून हात नेऊन कोणी स्विच बंद करू शकत नाही. एवढ्या ताकदीचा हॉब प्लग लावून चालवायचा नसतो. त्याच्या तारा जोडपेटीत स्क्रूने घट्ट आवळाव्या लागतात. ओव्हनला परदेशी प्लग असेल तर मध्ये अ‍ॅडॉप्टर न घालता इथला १६ अँपिअरचा चांगला प्लग बसवून घ्यावा.

अर्थिंगची गोष्ट वेगळी सांगायला हवी. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते. प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, म्हणून. पण सॉकेटमागे हिरवी तार जोडलेलीच नसेल तर त्या पिनेला अर्थ उरत नाही. ओल्या हातांनी, पाणी सांडलेल्या ओट्याशी लोखंडी ओव्हनला आपण दिवसातून दहा वेळा हात लावतो. तिथे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही चैन नव्हे. एमसीबी तारेला सांभाळतो, आरसीसीबी माणसाला. एकाचे काम दुसरा करत नाही.

जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी आणखी एक तपासावे. साठ-सत्तरच्या दशकांत आणि नंतरही काही वर्षे तांबे महाग म्हणून घरांतून अ‍ॅल्युमिनियमच्या तारा सर्रास घातल्या गेल्या. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली काळानुसार दबते, जोड सैल होतो, त्यावर गंज धरतो आणि सैल जोड तापतो. अशा तारेला नवी तांब्याची तार नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळणे म्हणजे आजारपण पांघरुणाखाली झाकणे. स्वयंपाकघरापुरती तरी ती बदलावीच. नवी तार घेताना तिच्यावर छापलेले माप आणि आयएस ६९४ चा शिक्का वाचून घ्यावा. भारतीय मानक संस्थेचे १९८७ साली भारतीय मानक ब्यूरो झाले, तरी लोक त्या शिक्क्याला अजून आयएसआयच म्हणतात. म्हणोत बापडे, पण शिक्का पाहून घ्या.

शेवटी मीटरकडे या. महावितरणच्या बिलावर "मंजूर भार" असा एक आकडा असतो. तो कोणी वाचत नाही. बँकेच्या माणसाला तो लगेच दिसतो, कारण ती आपली मंजूर मर्यादा असते. घरात दहा किलोवॅटची भर घालायची तर ती मर्यादा वाढवून घ्यावी लागते, आणि मीटरपासून घरापर्यंत येणारी मोठी तारही तपासावी लागते. वहिनींना अर्ज करून तीन फेजची जोडणी मिळाली. हॉब एका फेजवर, ओव्हन दुसऱ्यावर, बाकीचे घर तिसऱ्यावर असा भार वाटला गेला. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेऊन त्याच्याकडून चाचणीचा लेखी अहवाल घ्यायचा, हा नियम आहे. तो कागद मागितला की काम करणाऱ्याचा हातही आपोआप जपून चालतो, असा माझा अनुभव आहे. या सगळ्याला खर्च आला, पण टाइल्सच्या खर्चापुढे तो किरकोळ होता.

वर्तमानपत्रात आपण अधूनमधून वाचतो, "शॉर्ट सर्किटमुळे घराला आग." दैवाचा घाला असावा तसे ते दोन शब्द लिहिलेले असतात. पण तसे काही होण्याआधी कितीतरी दिवस घर सांगत असते. एमसीबी वारंवार पडतो, प्लग काढताना हाताला चटका बसतो, बोर्ड पिवळा पडतो, दिवा मंद होतो, मासळी न शिजवणाऱ्या घरात मासळीचा वास येतो. वहिनींच्या नाकाने तो वास पकडला, आणि तो पकडला तेव्हा त्या घरात होत्या, जाग्या होत्या. मुलाकडे बंगळूरला गेल्या असत्या आणि कोणी पाहुणा गिझर चालू ठेवून बसला असता, तर गोष्ट काय झाली असती, याचा विचार मी कादंबरीकार असूनही करत नाही.

एक सूचना करतो आणि थांबतो. भिंतीत नळ्या बसवून झाल्या, पण गिलावा व्हायचा आहे, अशा दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा. कोणत्या नळीतून कितीची तार गेली, कोणता एमसीबी कशाचा, हे एका कागदावर लिहा, त्यावर तारीख घाला आणि तो घराच्या खरेदीखताबरोबर ठेवा. पुढे कधी मुले-नातवंडे तिथे खिळा ठोकतील किंवा नवे यंत्र लावतील. तेव्हा भिंत फोडण्याआधी त्यांना तो कागद उघडता येईल.